उन्हाळी नाटकातल्या आत्याबाई

दर मे महिन्यात आमचं बंगळूरचं मराठी मंडळ एक विनोदी नाटक करतं. विनोदीच का, याला कारण आहे. नागपूर, जळगाव, सोलापूरकडे ऊन सोसेनासं झालं की तिकडचे आईवडील बंगळूरला नोकरी करणाऱ्या मुलांकडे येऊन राहतात. इथे हवा बरी असते. पण मुलगा आणि सून दिवसभर लॅपटॉपसमोर, खाली बागेत जावं तर भोवती सगळी कन्नड नाहीतर इंग्रजी बोलणारी माणसं, आणि टीव्ही तरी किती बघायचा? अशा माणसांना एक संध्याकाळ पोटभर हसायला हवं असतं. एका वर्षी आम्ही गंभीर नाटक केलं होतं. मध्यंतरात बटाटेवडा खाऊन अर्धी मंडळी घरी गेली. त्यानंतर पुन्हा तो विषय निघाला नाही.

मी मंडळातला जुना नट. जयनगरमध्ये माझं चष्म्याचं दुकान आहे. आमचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आलं. कोणाबरोबर आलं आणि कशासाठी, हे आमच्या घरात प्रत्येक जण वेगळं सांगतो. घरात आम्ही मराठीच बोलतो, पण ती ऐकून पुण्याची माणसं आधी हसतात आणि मग कौतुक करतात. आम्ही ‘विसरलो’ म्हणत नाही, ‘विसरून सोडलो’ म्हणतो. घरी कोणी आलं की कितीही वाजलेले असोत, आधी ‘जेवण झालं का’ विचारतो. लिहिताना मी नीट लिहितो, कारण ती मराठी मी पुस्तकांतून शिकलो. बोलताना मात्र जीभ आपल्या वाटेनं जाते.

या जिभेमुळे नट म्हणून माझी वाटचाल जरा गमतीची झाली. तरुणपणी कन्नड हौशी नाटकांतून कामं केली. तिथे कोणी मराठा सरदार किंवा सावकार असला की मला बोलावणं यायचं. पुढे मराठी मंडळात आलो, तर इथे इडलीच्या हॉटेलचा मालक नाहीतर शेजारचा कानडी काका ठरलेला. म्हणजे कन्नड नाटकात मी मराठी आणि मराठी नाटकात मी कानडी. मुख्य भूमिका पन्नाशी उलटेपर्यंत मिळाली नव्हती. ती काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात मिळाली, आणि त्याच उन्हाळ्यात, नाटकात आत्या झालेल्या आत्याबाई आमच्याकडे आल्या. त्यांचं खरं नाव इथे सांगत नाही. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो.

त्या वर्षीची दिग्दर्शिका मूळची पुण्याची, तिशीतली, महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करणारी. कॉलेजात असताना एकांकिका स्पर्धांत तिनं खूप धावपळ केली होती. शनिवार-रविवारी अख्खं शहर ओलांडून ती आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर तालमीला यायची. नाटकाची गोष्ट साधी होती. एका घरमालकाला भाडेकरू जोडप्याला घराबाहेर काढायचं असतं, म्हणून तो घरात भूत असल्याची आवई उठवतो आणि स्वतःच भूत होऊन आवाज काढत फिरतो. जोडपं घाबरतं. पण त्यांच्याकडे राहायला आलेली आत्या घाबरत तर नाहीच, उलट भुताला कामाला लावते. लसूण सोल म्हणते, पाय चेप म्हणते. घरमालक मी.

पहिल्याच वाचनाला मी माझं वाक्य ‘विसरून सोडलो’ असं वाचलं. सगळे हसले. मी ओशाळून दुरुस्त करायला गेलो, तर दिग्दर्शिका म्हणाली, “थांबा अण्णा. हा घरमालक इथलाच का नसावा? भाडेकरू पुण्याहून आलेले आणि मालक बंगळूरचा. तुम्ही घरी बोलता तसंच बोला.”

“सगळं?” मी विचारलं.

“सगळं. पण हसवायला म्हणून नका बोलू. तुमचं घर आहे, या भावनेनं बोला.”

आजवर कोणी मला असं सांगितलं नव्हतं. त्या दिवशी घरी मी दोनदा जेवलो, इतकं बरं वाटलं होतं.

आत्याची भूमिका जिच्याकडे होती तिला कंपनीनं अचानक परदेशी पाठवलं. प्रयोग जवळ आला होता. अशात एका दुपारी दुकानात साठी उलटलेल्या एक बाई आल्या. चष्म्याची काडी निखळली होती. मी काडी बसवताना बायकोशी फोनवर बोलत होतो. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, “मराठी का तुम्ही? कुठले?”

“इथलेच.”

“तसं नव्हे. मूळचे?”

“मूळचे पण इथलेच.”

त्या हसल्या. एचएसआर लेआउटमध्ये मुलीकडे राहतात म्हणाल्या. यजमान वारले, तेव्हापासून इथेच. मुलगी आणि जावई दोघं नोकरीला, चार वर्षांची नात आहे. मी सहज म्हणालो की आमचं नाटक होतंय, बघायला या.

“कोण कोण काम करतंय?” त्यांनी विचारलं. मग चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाल्या, “मीही काम करायचे.”

मला वाटलं, कुठे नोकरी करत असतील. “कोणत्या ऑफिसात?”

“नाटकात हो.”

त्या एका व्यावसायिक नाटक कंपनीत बरीच वर्षं होत्या. विदर्भ, खानदेश, कोकण असे दौरे केलेले. बसच्या सीटवर झोपायचं, गावात पोचलं की विहिरीवर कपडे धुवायचे, संध्याकाळी तोंडाला रंग लावून उभं राहायचं. नायिका कधीच नव्हत्या. शेजारीण, मोलकरीण, खाष्ट सासू. दोन प्रवेशांची कामं. मुलगी दहावीला आली तेव्हा यजमानांनी वर्षभर थांब म्हणून सांगितलं, आणि ते वर्ष काही संपलं नाही. हे सगळं त्यांनी तक्रारीचा सूर न लावता सांगितलं. मी काउंटरवरूनच दिग्दर्शिकेला फोन लावला.

शनिवारी त्या तालमीला आल्या. हातात संहिता घेऊन पहिलाच प्रवेश वाचला आणि भाडेकरू झालेला मुलगा वाचता वाचता थांबला. त्याला पुढचं सुचेना. बाईंनी काही मोठा आवाज काढला नव्हता, हातवारे केले नव्हते. एका जागी उभं राहून त्यांनी भुताला नुसतं विचारलं, “लसूण सोलता येतो का रे तुला?” भूत असलेला मीच हसत सुटलो.

पुढच्या आठवड्यात त्यांची मुलगी दुकानात आली. ती माझ्यावर चिडली आहे हे दारातूनच कळत होतं.

“तुम्हीच ना ते अण्णा?”

“होय. बसा की. जेवण झालं का?”

“झालं. मला थोडं बोलायचंय.” ती बसली नाही. “मे महिन्यात माझ्या मुलीची शाळा बंद असते. आई आहे म्हणून मी घरून काम करू शकते. आता शनिवार-रविवार ती तालमीला, आणि बाकीचे दिवस आरशासमोर वाक्यं म्हणते. मुलगी हाक मारते ते तिला ऐकू येत नाही.”

मी म्हणालो, “थोड्याच दिवसांचं आहे.”

“मला माहीत आहे थोड्या दिवसांचं कसं असतं,” ती म्हणाली. “मी लहान होते तेव्हा आई दौऱ्यावर असायची. शेजारच्या काकूंकडे जेवायचे मी. ती आली की दोन दिवस झोपायची आणि परत जायची. आता माझ्या मुलीच्या लहानपणीही तेच?”

ती जे बोलत होती ते खरं होतं. त्या दिवशी दुकानात आलेली माझी बायको चहा आणायला आत गेली होती, ती तेवढ्यात बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं असणार. ती म्हणाली, “तालीम आमच्याच घरात असते की. नातीला आणून सोडा. वर आजी, खाली मी. स्वल्प सवय झाली की राहील.”

मुलगी लगेच हो म्हणाली नाही. पण शनिवारी ती नातीला घेऊन आली, आणि पहिल्या दिवशी स्वतःही जिन्यात लॅपटॉप घेऊन बसली. नात मजेत होती. आठवड्याभरात ती भात पुढे आला की मान हलवून ‘बेडा’ म्हणायला शिकली. नको म्हणायचा तो कन्नड शब्द तिच्या आईला घरी गुगलवर शोधावा लागला म्हणे.

पहिला प्रयोग रविवारी संध्याकाळी होता. हॉल भरला होता. पहिल्या रांगांत सगळी नागपूर-अकोल्याकडची मंडळी, पंखा नसला तरी खूश. भाडेकरूचं काम करणारा मुलगा एचएसआरमधल्या एका नवीन कंपनीत होता. त्याचे आईवडील अकोल्याहून खास आले होते. त्यानं त्याआधी कधीच स्टेजवर पाऊल ठेवलं नव्हतं. दुसऱ्या अंकात त्याचा एक मोठा प्रवेश होता. मी भूत म्हणून पलंगाखाली लपलेला, आत्या पलंगावर, मी हात बाहेर काढतो, तेवढ्यात तो चहाचा ट्रे घेऊन येतो, हात ओळखतो, आणि घरमालकाचं बिंग त्याला कळतं. पुढचं सगळं नाटक त्यावर उभं.

मावशी रंगमंचावर आल्या आणि पहिल्याच वाक्याला हशा घेतला. दुसऱ्याला त्याहून मोठा. दुसऱ्या अंकात भुताला लसूण सोलायला सांगून झाल्यावर हॉल इतका हसत होता की त्यांनी पदरची वाक्यं घातली. लसणानंतर कांदे आले. कांद्यांनंतर दिवंगत यजमान आले, त्यांना कांदा चिरताना रडू यायचं पण बायको माहेरी निघाली तर यायचं नाही वगैरे. लोक खुर्च्यांवर मागे रेलून हसत होते. मी पलंगाखाली धुळीत पडून माझ्या वाक्याची वाट बघत होतो. शेवटी त्या संहितेवर परत आल्या, पण जिथून निघाल्या तिथे नाही. बरंच पुढे. मी हात बाहेर काढला तेव्हा विंगेत ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मुलाला आत येण्याच्या खुणेचं वाक्य मिळालंच नव्हतं. तो आलाच नाही. त्याच्या जागी पुढच्या प्रवेशासाठी नाटकातली त्याची बायको आली, तिनं प्रसंग कसाबसा पुढे नेला. त्या मुलाचा प्रवेश गेला तो गेलाच.

तिसऱ्या अंकात तो मला ‘भूतराव’ म्हणून हाक मारतो, तेव्हा हॉल शांत होता. त्याला कसं कळलं, हे कोणालाच कळलं नव्हतं. शेवटी टाळ्या भरपूर पडल्या. मावशींना उभं राहून दाद मिळाली.

पडदा पडल्यावर आम्ही रंगपटात रंग पुसायला बसलो. दिग्दर्शिका आत आली. तिनं आवाज चढवला नाही.

“मावशी, टाळ्या तुम्हाला मिळाल्या,” ती म्हणाली. “नाटक पडलं.”

मावशी केसांतल्या पिना काढत होत्या. तेवढ्यात अकोल्याचे ते आईवडील मुलाला भेटायला आत आले. वडील साधे गृहस्थ. त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, “छान झालं रे. तुझं काम एवढंच होतं काय?”

मुलगा म्हणाला, “हो बाबा. नवीन आहे ना मी.”

मावशींनी पिना टेबलावर ठेवल्या आणि उठून त्यांच्यासमोर गेल्या. अर्धा रंग तोंडावर तसाच. “एवढंच नव्हतं,” त्या म्हणाल्या. “सगळ्यात मोठा प्रवेश याचा होता. तो मी खाल्ला. पुढच्या रविवारी आणखी एक प्रयोग आहे, त्याला या.”

“आमचं बुधवारचं तिकीट आहे,” आई म्हणाली.

वडिलांनी जरा विचार केला. “तिकडे ऊनच आहे. जाऊन तरी काय करायचंय? राहू.”

नंतर मी मावशींना रिक्षापर्यंत सोडायला गेलो. त्या आपणहून बोलल्या. “मला आयुष्यभर दोन प्रवेश मिळायचे, अण्णा. त्यातच जे काय करायचं ते करून दाखवायचं. हशा आला की सोडायचा नाही, पुन्हा मिळेल न मिळेल. इथे तीन अंक मिळाले, तरी मी दोन प्रवेशांच्या बाईसारखीच वागले.”

“पण लोक हसले की,” मी म्हणालो.

“लोकांना हसवणं मला येतं. थांबणं जमत नाही.”

त्या आठवड्यात त्यांनी दिग्दर्शिकेला फोन करून जादा तालीम लावायला सांगितली. कामावरून सुटून सगळे आमच्या घरी जमले. ट्रेचा प्रवेश पुन्हा पुन्हा केला. मावशींनी पलंगावर बसून त्या मुलाला एकच गोष्ट सांगितली. हात दिसला की लगेच घाबरू नकोस, आधी ट्रे कुठे ठेवायचा ते शोध. तो जागा शोधू लागला आणि आम्ही सगळे हसलो. ट्रे हातात, भूत समोर, आणि हा टेबल शोधतोय.

दुसऱ्या प्रयोगाला गर्दी थोडी कमी होती. मावशींनी संहितेबाहेर एक शब्द उच्चारला नाही. कांद्यांची वेळ आली तेव्हा मला पलंगाखालून त्यांचं पाऊल दिसत होतं. अंगठा जमिनीवर दाबून धरलेला. त्या थांबल्या. मी हात बाहेर काढला. मुलगा आला, ट्रे ठेवायला जागा शोधली, आणि जो हशा झाला तो त्याचा एकट्याचा होता. तिसऱ्या अंकात ‘भूतराव’ला टाळी पडली. मग माझं वाक्य होतं. सगळं उघडकीला आल्यावर घरमालक म्हणतो, “भूत व्हायच्या नादात घर माझंच आहे हे मी विसरून सोडलो.” लोक आधी हसले आणि मग क्षणभर गप्प झाले. माझ्या वाटचालीतला तो सगळ्यात चांगला क्षण असं मी आजही सांगतो.

त्या प्रयोगाची एक क्लिप कोणीतरी फोनवर काढली होती. ती फिरत फिरत पुण्याला मावशींच्या जुन्या कंपनीतल्या एका नटापर्यंत गेली. ते आता स्वतः नाटकं काढत होते. त्यांच्या नव्या विनोदी नाटकात सासूचं काम करणाऱ्या बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यांनी मावशींना फोन केला. काम छोटं आहे, दोन प्रवेश, पण दौरा मोठा आहे.

मला हे कळलं ते मुलीकडून. ती पुन्हा दुकानात आली होती, या वेळी चष्म्याचा नंबर तपासायला. मशीनमध्ये हनुवटी ठेवूनच म्हणाली, “आई चालली पुण्याला. तिनं विचारलं नाही, सांगितलं.”

“मग?”

“मग काय. खूप भांडलो. म्हटलं, या वयात बसमधून फिरणार? नातीचं काय? ती म्हणाली, नातीला तू आहेस. तुला मी नव्हते, ते मला माहीत आहे, त्याला आता उपाय नाही. पण घरी बसले तरी ते भरून येणार नाही.”

मी मशीनचं चाक फिरवत राहिलो. खालची ओळ वाचता येते का विचारलं. तिनं वाचली.

“आणि मग बॅग भरायला मीच बसले,” ती म्हणाली. “तिला औषधं नीट ठेवता येत नाहीत.”

मावशी गेल्या. सुरुवातीला मुलीची ओढाताण झाली, मग तिनं नातीसाठी दुपारचं पाळणाघर बघितलं, आणि शनिवारी मात्र नात आमच्याकडेच यायची. आमची दिग्दर्शिका पुढच्या वर्षी बढती मिळून हैदराबादला गेली. तिथेही मराठी मंडळ आहे, तिथे ती नाटकं बसवते. ट्रेवाल्या मुलानं नोकरी बदलली, पण उन्हाळ्यात एक काम करतोच. मला त्या क्लिपमुळे एका कन्नड मालिकेत बोलावणं आलं. मराठी सावकाराचं काम. काही महिने केलं, मग कथेत सावकार दुबईला गेला आणि मी दुकानात परत आलो. त्याचं मला वाईट वाटलं नाही. मालिकेत सगळं तुकड्या तुकड्यानं करायचं, समोर कोणी हसत नाही.

मावशींचं नाटक बेळगावला लागलं तेव्हा मी, बायको, मावशींची मुलगी आणि नात असे आम्ही गाडी करून गेलो. दुपारचा प्रयोग होता. मुलीनं शाळा संपल्यापासून आईला रंगमंचावर पाहिलं होतं ते फक्त आमच्या नाटकात. दौऱ्यातलं नाटक ती पहिल्यांदाच बघत होती. मावशी पहिल्या अंकात एकदा आल्या आणि दुसऱ्यात एकदा. भाजीची पिशवी घेऊन येणारी सासू. फार काही वाक्यं नव्हती. मुख्य नटाला त्यांच्यासमोर मोठा हशा मिळत होता आणि त्या बाजूला पिशवी सांभाळत उभ्या होत्या, अगदी स्थिर. पहिल्या अंकात मुलगी हसली नाही. दुसऱ्यात आईनं पिशवीतून दुधी काढून जावयाच्या हातात दिला आणि पाठ फिरवून काहीतरी पुटपुटत निघून गेली, तेव्हा ती इतकी हसली की पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून बघितलं.

प्रयोगानंतर आम्ही मागे गेलो. मावशी खोबरेल तेलानं रंग पुसत होत्या. नात जाऊन चिकटली. मावशींनी मुलीला विचारलं, “कसं झालं?”

मुलगी म्हणाली, “दुसऱ्या अंकात तुझं शेवटचं वाक्य आमच्यापर्यंत आलं नाही.”

“कुठे बसला होतात?”

“शेवटून तिसऱ्या रांगेत.”

“डावीकडे की उजवीकडे?”

“डावीकडे.”

मावशींनी कापूस खाली ठेवला. “डावीकडे पंखे आहेत. मी जाताना तोंड तिकडे वळवत नाही. उद्या कोल्हापूरला बघते,” त्या म्हणाल्या, आणि जायच्या आधी ते वाक्य एकदा म्हणून दाखवलं. मुलगी दाराशी जाऊन उभी राहिली आणि तिथून म्हणाली, “हं. आता येतंय.”

बाहेर बस लागली होती. चालकानं हॉर्न दिला, तशा मावशी पर्स शोधायला लागल्या.